केक किती जणांना पुरेल आणि त्याचे किती घ्यायचे?

घरून केकच्या ऑर्डरी घ्यायला लागलं की दोन प्रश्न हमखास येतात. किती जणांना पुरेल? आणि किती घेणार? नवीन माणूस बहुतेक वेळा दोन्हींची उत्तरं वजनावरून देऊन मोकळा होतो: एक किलो म्हणजे एवढे जण, एक किलो म्हणजे एवढे पैसे. सांगायला सोपं, ऐकणाऱ्यालाही पटतं. पण केक पुरतो तो आकारावर आणि कापणाऱ्याच्या हातावर, आणि तुमचं जे खर्ची पडतं ते मुख्यतः तासांच्या रूपात. वजनाचं या दोन्हींशी नातं आहे, पण लांबचं. म्हणून हे दोन हिशेब वेगळे ठेवायचे. आधी तुकड्यांचा, मग पैशांचा.

पायरी 1: एक तुकडा म्हणजे केवढा, ते आधी ठरवा

केकच्या धंद्यात दोन मापं सर्रास चालतात. मोठ्या समारंभाचा तुकडा 1 इंच रुंद, 2 इंच लांब आणि केकच्या उंचीएवढा, म्हणजे साधारण 4 इंच उंच असतो. सेंटीमीटरमध्ये 2.5 × 5 × 10. वाढदिवसाचा किंवा घरगुती पार्टीचा तुकडा थोडा जाड: दीड इंच रुंद, 2 इंच लांब, उंची तीच. पहिला जेवणानंतर गोडाचा घास म्हणून पुरतो, दुसरा केक आवडणाऱ्यांसाठी.

एकदा फूटपट्टी घेऊन एखाद्या साध्या केकचे हे दोन्ही तुकडे कापा आणि बशीत शेजारी शेजारी ठेवा. 1 इंचाचा तुकडा कागदावर वाटतो तितका चिमुकला नसतो, कारण तो 4 इंच उंच असतो. याचा फोटो काढून ठेवलात तर पुढे फार उपयोगी पडतो. ‘24 तुकडे’ म्हणताच समोरच्याच्या डोळ्यासमोर मोठी तिकोनी फोड येते. फोटो दाखवला की तो गैरसमज पैसे ठरायच्या आधीच मिटतो.

पायरी 2: तळाचं क्षेत्रफळ काढा, तुकड्याच्या तळाने भागा

शाळेतलं गणित आहे, घाबरू नका. गोल केकची त्रिज्या गुणिले त्रिज्या गुणिले 3.14. 8 इंची केकची त्रिज्या 4, म्हणून 4 × 4 × 3.14, म्हणजे सुमारे 50 चौरस इंच. समारंभाच्या तुकड्याचा तळ 2 चौरस इंच, म्हणून 25. कडेला वाकडेतिकडे तुकडे निघतात, तेव्हा 24 धरा. पार्टीच्या तुकड्याचा तळ 3 चौरस इंच, म्हणून 16.

4 इंच उंच गोल केक (आधी समारंभाचे तुकडे, मग पार्टीचे):
- 6 इंची: 12 / 9
- 8 इंची: 24 / 16
- 10 इंची: 38 / 26
- 12 इंची: 56 / 37

चौकोनी केक त्याच मापाचा असला तरी बराच जास्त भरतो, कारण गोलात चारही कोपरे नसतात. 8 इंची चौकोनी केकचे समारंभाचे 32 तुकडे निघतात, 10 इंचीचे 50. एक लक्षात ठेवण्याजोगी जोडी: 9 इंची गोल आणि 8 इंची चौकोनी टिनचं क्षेत्रफळ जवळजवळ सारखंच आहे, त्यामुळे एकाची कृती दुसऱ्यात बिनदिक्कत चालते.

कृती मोठी करतानाही हेच गणित. 6 इंचावरून 8 इंचावर जाताना ‘दोनच इंच तर वाढले’ असं वाटतं. पण 64 भागिले 36 करा: 1.78. म्हणजे साहित्य पावणेदोनपटीहून जास्त. 8 वरून 10 वर जाताना 1.56 पट. नवीन माणसाचं मिश्रण कमी पडतं ते इथेच.

9 × 13 इंचांचा, 2 इंच उंच आयताकृती केक हा माझ्या मते नवशिक्याचा सगळ्यात खरा मित्र. एका बाजूने 4 आणि दुसऱ्या बाजूने 6 भाग केले की सव्वादोन इंचांच्या जवळपासचे 24 चौकोन. वाद नाही, वाकडेतिकडे तुकडे नाहीत, पुरलं की नाही ते मोजून दिसतं.

कापायची पद्धत सोबत पाठवा

वरचे सगळे आकडे केक नीट कापला तरच खरे. मधोमध सुरी घालून तिकोनी फोडी पाडल्या तर 8 इंची केकच्या 12 ते 14 फोडीच होतील, आणि ‘केक कमी पडला’ हे मात्र तुमच्या नावावर लागेल.

गोल केक कापायची सोपी रीत अशी: केकच्या एका कडेपासून 2 इंच आत सरळ आडवी चीर द्या आणि तो लांब पट्टा बाजूला काढा. आता त्या पट्ट्याचे 1 किंवा दीड इंचाचे तुकडे पाडा. मग पुढचा 2 इंचांचा पट्टा. प्रत्येक काप झाला की सुरी ओल्या फडक्याने पुसायची, नाहीतर क्रीम ओढलं जातं आणि तिसऱ्या पट्ट्यापर्यंत सगळा लगदा होतो. हे चार ओळींत लिहून, वर एक वेडीवाकडी का होईना पण आकृती काढून, खोक्याला चिकटवा. केकमध्ये आधाराच्या काड्या, तार किंवा टूथपिक असतील तर त्या कुठे आणि किती आहेत तेही त्याच कागदावर लिहा. ही गोष्ट विसरून चालत नाही. कापणारा दुसराच कोणीतरी असतो आणि त्याला आतलं काही ठाऊक नसतं.

पायरी 3: उंची, मजले आणि आडवेतिडवे आकार

मजल्यांचा केक असेल तर नुसती बेरीज. 6, 8 आणि 10 इंचांचे तीन मजले: 12 + 24 + 38 = 74. वरचा मजला घरी ठेवायचा असेल तर 12 वजा. एखादा मजला थर्माकोलचा असेल तर त्याचे शून्य, पण सजावटीचं काम पूर्ण. हे पैशांच्या वेळी आठवा.

केक 4 ऐवजी 6 इंच उंच केला म्हणून तुकडे दीडपट होत नाहीत. ताटलीत फक्त उंच, डुगडुगणारा तुकडा येतो. उंचीचा फायदा घ्यायचा तर 8 इंच उंचीच्या केकमध्ये 4 इंचांवर पातळ बोर्ड आणि काड्या घालायच्या. मग ते दोन केक एकावर एक ठेवल्यासारखे होतात आणि तुकडेही दुप्पट मोजता येतात.

बदाम, फूल, गाडी असल्या साच्यांना सूत्र लागू पडत नाही. तिथे पाणी कामाला येतं. साच्यात तयार केकच्या उंचीपर्यंत मोजून पाणी ओता, तळ सुटा असेल तर आधी आत प्लॅस्टिकची पिशवी पसरा. जितके मिलीलिटर होतील त्याला 130 ने भागलं की समारंभाचे तुकडे, 200 ने भागलं की पार्टीचे. कोरून केलेल्या केकला (किल्ला, प्राणी, आकडा) मात्र कोरल्यानंतर उरेल तेवढाच मोजायचा, पैसे मात्र भाजलेल्या सगळ्या केकचे लावायचे. कापलेला भाग तुमच्याच पिठालोण्याचा होता.

पायरी 4: माणसं मोजा, पण सगळी नाही

यजमान पाहुण्यांचा आकडा सांगतो. खाणाऱ्यांचा आकडा तुम्ही काढायचा. विचारा: केकशिवाय आणखी गोड आहे का? केक जेवणाआधी कापणार की नंतर? लहान मुलं किती? केक एवढंच गोड असेल तर जेवढी माणसं तेवढे तुकडे आणि वर दहातला एक जादा. इतर गोड भरपूर असेल आणि केक उशिरा निघणार असेल तर मी पाऊणपट धरते. लहान मुलं निम्मा तुकडा टाकतात हे खरं, पण मागतात पूर्णच, तेव्हा त्यांना अर्धं मोजू नका.

मोठ्या कार्यक्रमाला दिसायला देखणा छोटा केक आणि स्वयंपाकघरात ठेवलेला त्याच चवीचा साधा आयताकृती केक, ही जोडी सुचवून बघा. पाहुण्यांना फरक कळत नाही, यजमानाचे पैसे वाचतात, आणि 100 जणांसाठी 4 मजले उभारायची धडकी तुमच्याही छातीत भरत नाही.

कोणी वजनातच विचारलं तर? मग आकार ठरवा आणि वजन अंदाजाने सांगा. 6 इंची, 4 इंच उंच, हलक्या स्पंजचा आणि व्हिप्ड क्रीमचा केक साधारण किलोभर भरतो. तोच बटरक्रीम आणि गनाशचा (चॉकलेट आणि क्रीमचं घट्ट मिश्रण) केला तर काटा बराच पुढे जातो, सुकामेव्याने भरलेला घट्ट केक त्याहून पुढे. तुकडे तिन्हींचे तेवढेच. वजनाने पुरवठा मोजायचा नाही तो यासाठी.

पायरी 5: खर्च लिहून काढा, ग्रॅमपर्यंत

आता पैसे. इथे ‘अंदाजपंचे दाहोदरसे’ चालत नाही. वजनकाटा नसेल तर पहिल्या ऑर्डरीच्या आधी तो घ्या. एक कप मैदा कोणी दाबून भरतं, कोणी सैल, आणि दोघांच्या हिशेबात फरक पडतो.

प्रत्येक जिन्नसाचा एका ग्रॅमचा भाव काढा: पाकिटाची किंमत भागिले पाकिटाचं वजन. मग कृतीतल्या ग्रॅमने गुणा. लोणी, क्रीम, चॉकलेट सगळ्यांना आठवतं. राहून जातं ते किरकोळ: व्हॅनिला, रंग, बेकिंग पावडर, टिनला लावलेलं तेल, बटर पेपर, पायपिंग बॅग. या सगळ्यांचा आणि सांडलवंडीचा मिळून साहित्यावर 10 टक्के धरला तर बहुतेक वेळा भागतं. त्यानंतर बोर्ड, खोका, काड्या, टॉपर (केकवर खोचायची शोभेची पाटी). मग वीज किंवा गॅस.

उरलेलं अर्धं पाकीट पुढच्या ऑर्डरीला वापरता येणार असेल तर फक्त वापरलेलं मोजा. एखादी गोष्ट खास याच केकसाठी आणली आणि पुन्हा लागणार नसेल, तर पूर्ण पाकीट या ऑर्डरीवर टाका.

पायरी 6: तास मोजा

खरी गोम इथे आहे. स्पंज भट्टीत असतो तो वेळ मोजायचा नाही, तुम्ही दुसरं काही करू शकता. पण ऑर्डर ठरवताना झालेली संदेशांची देवघेव मोजायची, बाजारहाट मोजायचा, भांडी मोजायची. चार ऑर्डरी घड्याळ लावून करा आणि वहीत टिपा. सजावटीला जेवढा वेळ लागतो असं वाटतं त्यापेक्षा तो जास्त असतो, आणि भांड्यांचा वेळ तर कोणीच धरत नाही.

एका तासाचा तुमचा मेहनताना किती, ते तुम्ही ठरवायचं. हे तास दुसरीकडे काम केलं असतं तर जेवढे मिळाले असते, तिथून सुरुवात करा. इथे चलन बाजूला ठेवून तासाला 100 धरू, म्हणजे कुठल्याही पैशांत बसवता येईल.

8 इंची केक:
- साहित्य 180, त्यावर 10 टक्के म्हणजे 18
- बोर्ड, खोका 40
- इंधन 12
- काम 5 तास, म्हणजे 500

एकूण 750. यावर भांड्यांची झीज, फोनचा खर्च, फसलेला एखादा स्पंज अशा न दिसणाऱ्या गोष्टींसाठी 10 टक्के, म्हणजे 75. झाले 825. त्यावर 20 टक्के नफा, 165. दर झाला 990. समारंभाच्या 24 तुकड्यांवर वाटला तर तुकड्याला 41 च्या आसपास.

मेहनताना आणि नफा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकात एक मिसळू नका. मेहनताना तुमच्या हातांचा. नफ्यातून नवा मिक्सर येतो आणि मंदीचा महिना निघतो.

आता 6 इंची केक बघा. साहित्य 101, त्यावर 10 टक्के म्हणजे 10, बोर्ड-खोका 30, इंधन 9, म्हणजे 150. पण वेळ? निरोप तेवढेच, बाजार तेवढाच, मिक्सर तोच धुवायचा. सव्वाचार तास लागतातच, म्हणजे 425. एकूण 575, त्यावर 10 टक्के आणि मग 20 टक्के चढवले की 759. तुकडे निम्मे, दर मात्र पाऊणपट.

आणि हाच केक 8 इंचीच्या भावाने, आकाराच्या प्रमाणात विकला असता तर? 990 ला 64 ने भागून 36 ने गुणा: 557. हातात पडले 557, खर्च 575. नफा राहो, मेहनतानाही पूर्ण निघाला नाही. सरसकट किलोचा एकच भाव लावणाऱ्याचे छोटे केक असे आतबट्ट्यात जातात, आणि घरगुती ऑर्डरी मुख्यतः छोट्याच केकच्या असतात. म्हणून एक किमान रक्कम ठरवा, त्याखाली ऑर्डर घ्यायचीच नाही, केक कितीही लहान असो.

‘साहित्याच्या तिप्पट लावा’ हा सल्लाही कानावर येईल. वरच्या 8 इंची केकला तो लावून बघा: 180 ची तिप्पट 540, आणि प्रत्यक्ष खर्च 750. साहित्य महाग आणि सजावट साधी असेल तिथे हे सूत्र चालून जातं. हाताने वळलेली साखरेची फुलं असतील तर साफ बुडवतं, कारण फुलांना साखर मूठभर लागते आणि दुपार अख्खी.

पायरी 7: दर सांगताना

साधा केक हा एक दर आणि सजावट हा वेगळा, असं सांगितलेलं बरं. फुलं, चित्र, मूर्ती, धारदार कडांचं फॉन्डंट (लाटून केकवर चढवायचं साखरेचं आवरण), प्रत्येकाला किती वेळ लागतो ते वहीत असेलच. बजेट कमी असेल तर सजावटीतलं काय कमी करायचं ते गिऱ्हाईकच ठरवतं, आणि तुम्हाला तोच केक कमी पैशांत करून द्यावा लागत नाही.

एखाद्या ॲपवरून विकत असाल आणि ते 15 टक्के कापत असेल, तर दरात 15 टक्के मिळवून भागत नाही. 990 मध्ये 15 टक्के मिळवले की 1138, त्यातून 15 टक्के गेले की हातात 968. बरोबर रीत म्हणजे 990 भागिले 0.85, म्हणजे 1165.

सवलतीचंही असंच. 10 टक्के सूट ऐकायला किरकोळ वाटते, पण 990 वर ती 99 होते आणि नफा होता 165. म्हणजे नफ्यातला 60 टक्के वाटा तुम्ही एका वाक्यात सोडून दिला. ओळखीतल्या लोकांना काही द्यायचंच असेल तर दर तोच ठेवून वर चार कपकेक द्या; साहित्य थोडंच जातं आणि दर बिघडत नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात ते या धंद्यात अगदी लागू आहे. एकदा निम्म्या दराने दिलेला केक चार घरी तोच दर घेऊन पोचतो.

पोचवणं वेगळं लावा. जायचा आणि यायचा दोन्ही वेळ मोजा, आणि मजल्यांचा केक असेल तर तिथे जाऊन उभारायचाही. गिऱ्हाईक स्वतः नेणार असेल तर खोका कुठे ठेवायचा तेही सांगा: मांडीवर नाही, सीटवर नाही (सीट तिरकी असते), गाडीच्या सपाट तळावर.

शेवटी हे सगळं एका निरोपात लिहून पाठवा. आकार आणि उंची, किती तुकडे आणि कुठल्या मापाचे, चव, सजावटीत नेमकं काय, दर, पोचवण्याचे किती, आगाऊ रक्कम किती, कुठल्या तारखेनंतर बदल चालणार नाही, आणि हा दर किती दिवस लागू. शेवटचा मुद्दा लोक गाळतात. लोण्याचा आणि कोकोचा भाव वाढला की तीन महिन्यांपूर्वी सांगितलेला दर पदरमोड करून पाळावा लागतो. मी दर दोन महिन्यांनी ग्रॅमचे भाव पुन्हा काढते, आणि कार्यक्रम झाल्यावर यजमानांना एकच प्रश्न विचारते: किती तुकडे उरले? तो आकडाही वहीत त्याच ऑर्डरीसमोर जातो, म्हणजे पुढच्या वेळी ‘80 जण येणार’ असं कोणी म्हटलं की त्यातले केक खाणारे किती, याचा अंदाज वहीतूनच काढता येतो.